येसाजीचा गडी

कारगिलची लढाई झाली त्या पावसाळ्यात येसाजीनं पहिल्यांदा आपल्या पोटच्या पोराला विचारलं, "कोन गावचा रे तू?"

महिपत तेव्हा म्हशीच्या पायात अडकलेलं दावं सोडवत होता. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. येसाजीनं उभ्या जन्मात थट्टा केली नव्हती, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

"माथ्याच्या वाडीचा," तो हसत म्हणाला.

"हितला? मग मी कसा वळखत नाय तुला?" येसाजी वाकला, त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "बरं, ऱ्हा. पन म्हशीला मारायचं नाय. आन चोरी केलीस तर हाकलून देईन. माजा महिपत आला की तुजं काय ते ठरवंल."

तेवढ्यात कुंपण ओलांडून शेजारचा चुलतभाऊ सदू आला. तंबाखू मागायला. येसाजीचं तोंड उजळलं.

"ह्यो बग आला," तो म्हणाला. "ह्यो माजा महिपत."

सदूनं एकदा चुलत्याकडे बघितलं, एकदा महिपतकडे. मग डोक्याची टोपी मागं सारत म्हणाला, "व्हय बाबा. आलो."

महिपतच्या हातातलं दावं तसंच राहिलं.

महिपतची सगळी कथा सांगायची तर ती गोठ्यापासून सुरू होते आणि गोठ्यातच संपते. कशेडी घाटाच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर वाडी. पावसाळ्यात ढग घरात शिरतात आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी खालच्या ओढ्यापर्यंत, पऱ्यापर्यंत, उतरावं लागतं. खाली ट्रक कुथत चढायचे ते वर ऐकू यायचं. त्याच्या बरोबरीची पोरं त्याच रस्त्यानं मुंबईला गेली. कोण गोदीत लागला, कोण हॉटेलात. महिपत सातवीतून शाळा सोडून म्हशींमागं राहिला. बाप त्याला ऱ्हा म्हणाला नव्हता. जा असंही म्हणाला नव्हता. येसाजी बोलायचा तो गुरांशी आणि देवाशी. पोराच्या वाट्याला यायची ती काठी.

सदू त्याच्या चुलत्याचा पोरगा. सदूचा बाप मेला तेव्हा सदू रांगत होता. येसाजीनं त्याला उचलून आपल्या ओटीवर आणला, आणि बिनबापाचं पोर म्हणून त्याच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. दोघांनी मिळून करवंदाच्या जाळीत बकऱ्या हरवल्या तरी मार एकट्या महिपतला. बांगडा शिजला की मधली तुकडी सदूच्या ताटात, डोकं महिपतच्या. मोठेपणी सदू ट्रकवर क्लीनर झाला, घाटातल्या ड्रायव्हरांकडून हिंदी शिव्या शिकला, दारूपायी नोकरी घालवली आणि शेजारच्या आपल्या घरात विड्या फुंकत बसला. बायको वैतागून दासगावला माहेरी गेली ती परत आली नाही. महिपतनं मनात हिशेब मांडला होता: आता तरी म्हाताऱ्याला कळंल, कोणता पोरगा कामाचा.

म्हाताऱ्याला कळेनासंच झालं. आणि डोक्यात जो एक पोरगा उरला तो सदूच्या अंगात जाऊन बसला, महिपतचं नाव घेऊन.

पोलादपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, "वयानं होतं असं. यावर औषध नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. ते म्हणतील त्याला हो म्हणा, आणि हळूच दुसरा विषय काढा."

"म्हंजे खोटं बोलू?" महिपतनं विचारलं.

"म्हणजे भांडू नका."

महिपतला ते पटलं नाही. खोटं बोलला म्हणून ज्या माणसानं उसाच्या टिपरीनं सोलून काढला होता, त्याच माणसाशी आता रोज खोटं बोलायचं? तो खरंच सांगत राहिला.

येसाजीचा पवळ्या नावाचा बैल होता. तो कधीचाच मेला होता. येसाजी संध्याकाळी गोठ्यात येऊन त्याची रिकामी जागा बघायचा आणि विचारायचा, "पवळ्या कुटं हाय?"

"मेला, बाबा."

"मेला? कंदी?"

"मी ल्हान व्हतो तवा. तुमीच पुरलाव त्याला आंब्याखाली."

येसाजी मटकन खाली बसायचा. गव्हाणीला डोकं लावून हुंदके द्यायचा, आत्ताच बातमी आल्यासारखा. जेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्यात यायचा. पवळ्या कुटं हाय? आणि महिपत पुन्हा सांगायचा.

शेवटी त्याची बायको संजीवनी चुलीपुढून उठून आली. "आवो, रोज कशाला मारताव त्या बैलाला? येकदा मेला तेवडं बास झालं की त्याला."

"मग काय सांगू?"

कुंपणापलीकडून सदूच ओरडला, "बाबा! पवळ्या खाली पऱ्यावर पानी पितोय. पोट भरलं की यील त्यो."

येसाजीनं डोळे पुसले. "पितोय व्हय? पिऊ दे, पिऊ दे. उनाचा दमला आसंल." आणि घरात जाऊन नाचणीच्या भाकरीचे दोन घास खाल्ले. वर म्हणाला, "महिपतला पन बोलवा जेवाय."

सदू आला. येसाजीनं आपल्या हातानं त्याला भाजलेला बोंबील वाढला. महिपतला म्हणाला, "तू भायेर बस. गड्याचं मागनं वाडतील."

महिपत बाहेर बसला. आतून सदूचं चघळणं ऐकू येत होतं.

आता कुणी म्हणेल, म्हातारा जेवला ना, मग झालं. संजीवनी तेच म्हणायची. पण महिपतच्या पोटात दुसरंच पेटलं होतं, आणि ते एकट्या बोंबलाचं नव्हतं.

वाडीतला गाऱ्हाण्याचा मान येसाजीच्या घराकडे होता. शिमग्याला काळकाईची पालखी सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, बसते, सगळी वाडी गोळा होते, आणि मानकरी हातात नारळ घेऊन देवीपुढे गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणं मागत जातो आणि प्रत्येक मागण्याला गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. मागणं काय आहे ते बघायचं नसतं. मान हलवायची नसते. म्हणायचंच असतं. उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं मोडतं, आणि मोडलेलं गाऱ्हाणं म्हणजे वर्षभर वाडीच्या मागं लचांड.

महिपत पोर असल्यापासून बापाच्या पाठीमागं उभा राहून ओठातल्या ओठात ते गाऱ्हाणं म्हणत आला होता. त्याला ते शब्दन् शब्द येत होतं. मान बापाकडून पोराकडे येतो हेही खरं, पण आपोआप येत नाही. बापानं सहाणेवर, देवीपुढे, पोराचं नाव घेऊन त्याचा हात धरायचा आणि नारळ त्यात ठेवायचा, अशी रीत. गोदी नाही, हॉटेल नाही, उभ्या जन्मात महिपतला एवढंच पाहिजे होतं. चारचौघांत बापाच्या तोंडून आपलं नाव.

गेल्या शिमग्याला येसाजीला शिवेवरच्या देवाचं नाव आठवलं नव्हतं. तेव्हाच वाडीचा गावकार चांगूबाबा म्हणाला होता, "पुडच्या शिमग्याला तुमच्या घरातला मान पुडं द्यायचा. पन येसाजीनं सोताच्या हातानं द्यायचा हा. आमी गाववाले मधी पडनार नाय."

म्हणून महिपत नेटानं बापाला खरं शिकवत होता. सकाळी दूध काढताना, दुपारी भाताच्या राबात जाळायला झाडांची कवळ तोडून आणल्यावर, हातपाय धुताना.

"बाबा, मी महिपत."

"तू गडी."

"आवो, माज्या पायावर बगा, कोयता लागल्याली खून. तुमीच हळद दाबलीव."

"गड्यांच्या पायाला बी कोयता लागतो."

एके दुपारी बापलेक ओटीवर सुंभ वळत बसले होते. येसाजी आपणहून बोलायला लागला. गड्याशी तो बोलायचा, ही एक नवलाचीच गोष्ट.

"माजा महिपत ल्हान व्हता ना, त्याला येकदा ताप भरला. डोळं पांढरं केलंन. खांद्यावर टाकला आन घाट उतरून पोलादपूर गाठलं. वाटंत म्हनलं, देवी, माजं काय बी ने, ह्याला ठेव. तुला सांगतो, कुनाला बोललो नाय म्या हे. त्याच्या आयला बी नाय."

महिपतचे हात थांबले. "मग त्याला मारायचाव कशाला?"

"मारायचो?" येसाजी विचारात पडला. "त्योच येकला माजा व्हता. दुसरा लोकाचा. लोकाच्या पोराला कसं मारायचं?"

महिपतनं सुंभ पुढं वळायला घेतला. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल थोडा. पण हे सगळं बोलणं त्या महिपतचं होतं, जो आत्ता पलीकडे खाटेवर पालथा झोपला होता. आपण नुसता ऐकणारा. आपल्याच नावाच्या माणसापायी आपला असा जळफळाट होईल, हे कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या संध्याकाळी त्यानं कुंपणाला काट्याचं झुडूप लावलं आणि सदूला बजावलं, "शिमगा होईतवर आमच्या दारात पाय ठेवायचा नाय."

"मी काय मागितलं रं त्यांच्याकं?" सदू म्हणाला. "ते हाक मारतात, मी ओ देतो. माज्या बापाचं काय जातं? माजा तर बाप बी नाय."

"माजा जातो. बोंबील बी जातो."

येसाजीनं ओटीच्या कडेला बसून हाका मारायला सुरुवात केली. "महिपत! ये महिपत रे!"

"ओ, बाबा," महिपत समोर येऊन उभा राहिला.

"तुला नाय रे. बाजूला हो. महिपतला हाक मारतोय मी."

दुसऱ्या दिवशीही तेच. म्हातारा पाण्यालाही तोंड लावेना. पलीकडे सदू दम धरून बसला होता, पण त्याची विडी विझलेली होती, आणि हे महिपतनं बघितलं. तिसऱ्या सकाळी संजीवनीनं एक तोड काढली. घरची बाई आजारी पडली की बाप्या तिचं लुगडं गुंडाळून म्हशीखाली बसतो. म्हशीला वासानं वाटतं आपलीच माणूस आहे, ती पान्हा सोडते. वाडीत सगळेच करतात.

"सदूभावजींचा सदरा घाला," ती म्हणाली. "लुगड्याला म्हस फसती, मग मामंजी का नाय फसनार?"

सदूनं मुकाट सदरा काढून दिला. घामानं, विडीनं आंबलेला. महिपतनं तो अंगात घातला, टोपी मागं सारली आणि सदूसारखा पाय ओढत बापापुढे गेला. "बाबा, आलो मी."

येसाजीनं वर बघितलं. नाक ओढलं. आणि काठी उगारून उठला. "चोर! माज्या महिपतचा सदरा चोरलास? संजीवनी, बग गो, ह्या गड्यानं पोराचा सदरा चोरला!"

संजीवनी पदरात तोंड घालून आत पळाली. कुंपणापलीकडे सदू उघड्या अंगानं हसून हसून खोकायला लागला. महिपतला मात्र हसू येईना.

त्यानं सदरा काढला. काट्याचं झुडूप उपटून बाजूला फेकलं. सदरा सदूच्या खांद्यावर टाकत म्हणाला, "जा. तुजा बाप उपाशी हाय."

शिमग्याला मुंबईकर आले. सहाण शेणानं सारवली, आंब्याचे टहाळे बांधले. ढोल वाजायला लागला आणि दुपार कलल्यावर पालखी येऊन बसली. येसाजीला धुतलेलं धोतर नेसवून महिपतनं धरून आणलं. तो त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला, अगदी लगत, म्हणजे म्हाताऱ्यानं हात पुढं केला तर महिपतचाच हात हाती लागेल. सदूला त्यानं मागं, मुंबईकरांच्या घोळक्यात उभं राहायला लावलं होतं.

चांगूबाबानं नारळ दिला. येसाजीनं तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला, आणि त्याची पाठ सरळ झाली. आवाजही जुना आला.

"हे बा देवी काळकाई म्हाराजा! आज सालाबादपरमानं तुजी लेकरं तुज्या सहाणंवर जमा झाली हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"कुनी म्हमईला गेलं, कुनी गाडीवर गेलं, घाटातून वर-खाली करतं, त्यांच्या वाटंवर तुजा डोळा ऱ्हाऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरावर वाघराची नजर पडू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

एक शब्द चुकला नाही. शिवेवरच्या देवाचंही नाव आलं. महिपतनं आपला हात सदऱ्याला पुसून घेतला. मग येसाजी म्हणाला:

"आन माजा पवळ्या पऱ्यावर पान्याला गेलाय, त्यो सुखरूप घरी यिऊ दे!"

बायकांत खसखस पिकली. मुंबईकर पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. पण तोंडं उघडलीच.

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या वाडीनं पवळ्या जिवंत केला. महिपतनं तेवढं तोंड उघडलं नाही.

"माजी आय बाजाराला गेलीय, तिला उजेडाचं घरी आन!"

"व्हय म्हाराजा!"

"आन माजा महिपत," म्हणत येसाजीनं हात पुढं केला. महिपतनं आपला हात त्यात दिला. म्हाताऱ्यानं बघितलं, तो झटकून टाकला, आणि मान वळवून घोळक्यात शोधलं. सदू दिसताच दोन पावलं गेला आणि त्याचं मनगट धरून ओढत पुढं घेऊन आला. नारळ त्याच्या हातावर ठेवला. "ह्यो माजा येकला येक पोर. माज्या माघारी तुजं गारानं ह्यो घालील. ह्याला पदरात घे!"

'व्हय म्हाराजा' आलंच नाही. ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला. चांगूबाबा महिपतकडे बघायला लागला, मग सगळेच बघायला लागले. सदू नारळ अंगापासून लांब धरून उभा होता, विंचू दिल्यासारखा.

येसाजी उत्तराची वाट बघत होता. "ह्याला पदरात घे," तो पुन्हा म्हणाला. आवाज बारीक झाला होता. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पाठ वाकली. एवढा वेळ ज्याला सगळं माहीत होतं तो म्हातारा आता सहाण कुठली, माणसं कुठली, हेच विसरायला लागला होता. धोतराचा सोगा मुठीत धरून तो महिपतकडे वळला.

"गड्या, तू तरी बोल रं. कोनच बोलत नाय."

महिपतला त्या घटकेला सदूचा गळा दाबावासा वाटला. नारळ हिसकावून आपटावासा वाटला. सगळ्यांसमोर ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, मी हाय, मी. खरं तेच होतं. गावालाही माहीत होतं.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

एकट्याचाच आवाज, चिरका. त्याच्यामागं वाडीचा आवाज आला आणि ढोलावर टिपरी पडली.

येसाजीनं श्वास सोडला. पाठ पुन्हा सरळ केली. आणि गाऱ्हाणं संपवता संपवता, जिथं पूर्वी कधी काही नसायचं तिथं, आणखी एक मागणं घातलं. "आन ह्यो गडी. परका हाय, तोंडाचा वंगाळ हाय. पन माज्या म्हशी उपाशी ठेवत नाय. ह्याचं बी बरं कर."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्यानं सदू ओरडला.

पालखी नाचवायला उचलली तसा सदू महिपतला गाठून म्हणाला, "घे रं ह्यो नारळ. मला काय गारानं येतंय? मला ड्रायवरच्या शिव्या येतात."

"तुला दिलाय. तू ठेव."

"नाव तुजं घेतलान ना?"

"हात तुजा धरलान."

यावर गावकीत घटकाभर वाद झाला. देवी नाव बघती का हात बघती? कोण म्हणालं, नाव. कोण म्हणालं, देवीला काय हात दिसत नाय? चांगूबाबानं शेवटी पानाची पिंक टाकली आणि निवाडा दिला. येसाजी हाय तवर नारळ सदूच्या हातात, बाजूला उभं राहून बोलायचं महिपतनं. म्हातारा गेल्यावर बगू. सगळ्यांना ते पटलं. महिपतला पटलं नाही. घरी जाताना त्यानं सदूकडे बघितलंही नाही.

सकाळी तो शेण काढत होता. येसाजी गोठ्याच्या दारात येऊन बसला, अंगावर घोंगडी.

"काल बगितलास माजा महिपत?"

महिपतनं पाटी खाली ठेवली. तोच जळफळाट पुन्हा वर आला. तो आता जन्माचा होता, हेही त्याला कळलं होतं.

"बगितला."

"कसा हाय?"

"आळशी हाय," महिपत म्हणाला. "दिवस वर आला तरी उटला नाय. हितं सगळं शेण मी येकलाच काडतोय."

येसाजी खुदकन हसला. महिपतनं बापाला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. "मग हाक मार की त्याला! तुला गडी ठेवलाय तो कशाला?"

महिपत कुंपणापाशी गेला. पलीकडे खाटेवर सदूचे पाय दिसत होते. हाक तोंडातून निघायला जरा वेळ लागला, कारण ही हाक आजवर त्यानं कधी मारली नव्हती.

"महिपत! ये महिपत! ऊठ रं, तुजा बाप हाक मारतोय!"

पाय हलले. खोकला आला.

"आलो!" सदू म्हणाला.

"पाटी घिऊन ये," महिपतनं सांगितलं, आणि आत जाऊन अर्धं शेण त्याच्यासाठी तसंच ठेवून दिलं.